जे-पाऊच निकामी झालाय : पुन्हा दुरुस्ती की कायमची बॅग?

रातराणी१२

खूप दिवस वाचनमात्र होते, आज लिहितेय. लांबलचक होणार आहे, सांभाळून घ्या.

वय ३३, राहणार ठाणे. कॉलेजात असताना अल्सरेटिव्ह कोलायटिस (मोठ्या आतड्याला सूज आणि जखमा होणारा जुनाट आजार) निघाला. मेसालाझिन, स्टेरॉइड, अझाथायोप्रिन, मग इन्फ्लिक्सिमॅब असं सगळं रीतसर झालं. तरी हिमोग्लोबिन ६ वर आलं तेव्हा मोठं आतडं काढायचं ठरलं. लहान आतड्याच्या शेवटच्या भागाची पिशवी शिवून ती खाली गुदद्वाराशी जोडतात, तो जे-पाऊच माझाही झाला. मधल्या काळापुरती पोटावर बॅग होती. ती बंद झाली त्या दिवशी बाबांनी अख्ख्या वॉर्डला पेढे वाटले.

आनंद फार टिकला नाही. जोडाला मागच्या बाजूने बारीक गळती राहिली होती. जिथे ऑपरेशन झालं तिथे महिनोनमहिने ‘नव्या पाऊचची सवय व्हायला वेळ लागतो, धीर धरा’ एवढंच ऐकलं. शेवटी दुसरीकडे एमआरआय केला, तर माकडहाडासमोर पुवाची पोकळी. नळी घालून पू काढला, अँटिबायोटिक्स झाली, पोकळी लहान झाली पण बुजली नाही. त्यात जोड आकसतो. भूल देऊन रुंद करतात, काही आठवडे बरे जातात, पुन्हा येरे माझ्या मागल्या.

सध्या दिवसातून किती वेळा जाते ते मोजणं सोडलंय. बसलं की पूर्ण होत नाही, उठलं की पुन्हा जावंसं वाटतं. रात्री पॅड लावून झोपते. ऑफिस दादरला, त्यामुळे सकाळी चहासुद्धा घेत नाही. खालची कातडी इतकी सोललेली असते की जेट स्प्रेचं नुसतं पाणी लागलं तरी कळ डोक्यात जाते.

दोन सर्जनना दाखवलं. एक म्हणाले, खूप सोसलंस, आता पाऊच काढून कायमची आयलिओस्टॉमी (लहान आतडं पोटावर बाहेर काढून त्यावर बॅग) कर आणि मोकळी हो. दुसरे म्हणाले, बायोप्सीत क्रोन्स (आतड्याच्या सुजेचाच दुसरा आजार, लहान आतड्यालाही होणारा) नाही, स्नायू चांगले आहेत, वय लहान आहे, रीडू, म्हणजे पाऊचचं ऑपरेशन पुन्हा करून बघण्यासारखी केस आहे. दोघंही शांतपणे, कागद बघून बोलले. कोणी घाई केली नाही. म्हणूनच जास्त गोंधळले. एकाने तरी उडवाउडवी केली असती तर बरं झालं असतं!

आणखी एक : आम्हाला मूल हवंय. अजून नाही.

सासूबाईंचं म्हणणं, ‘बॅग काय, ती शेवटचा उपाय म्हणून आहेच.’ नवरा म्हणतो, ‘तू ठरव, मी आहे.’ दोन्ही वाक्यांचा मला सारखाच राग येतो.

ज्यांनी यातलं काहीही केलंय त्यांनी लिहा. नुसत्या शुभेच्छाही चालतील.

पिठलंभाकर

कुटजघनवटी आणि ताजं ताक सुरू करा. आमच्या शेजाऱ्यांचा असाच त्रास पूर्ण गेला. ऑपरेशनच्या फंदात पडू नका, एकदा चिरलं की चिरतच राहतात.

वेताळटेकडी

पिठलंभाकर, त्यांचं मोठं आतडं आधीच काढलेलं आहे आणि हाडापाशी पू आहे. शेजाऱ्यांची आव होती हो. धागा भरकटवू नका ही विनंती.

रातराणी, माझा काही अनुभव नाही. पण वाचतेय.

कडूकारले

ताई, मी नाशिकचा, साठीच्या जवळ आलोय. पाऊच झाला, बिघडला, रीडू केला, तोही बिघडला, आता कायमची आयलिओस्टॉमी आहे. म्हणजे तुमच्या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना राहून आलोय.

सरळ सांगतो. रीडूचा मला पश्चात्ताप नाही, पण मी तो चुकीच्या कारणासाठी केला असं आमचे सर्जन आजही म्हणतात आणि मी त्यांच्याशी वाद घालत नाही. मला बॅगेची भीती होती. पाऊच का बिघडला याचा विचार त्या भीतीने होऊच दिला नाही. तुमच्या पोस्टमध्ये पाऊच का बिघडला ते व्यवस्थित लिहिलंय. ही मोठी जमेची बाजू.

सासूबाईंना एवढंच सांगा की ‘शेवटचा उपाय’ घेऊन माणूस द्राक्षाच्या बागेत दिवसभर उभा राहतो, औरंगाबादेपर्यंत गाडी हाकतो आणि लग्नात पंगतीला बसतो. मक्याचं कणीस तेवढं नाही खात. एकदा खाल्लं होतं, आतडं तुंबलं, सलाईनवर पडलो. खोबऱ्याचा कीस, शेवग्याचे चोथे, संत्र्याची साल नि रेषा, फणसाच्या कडा यांच्यापासून जपून. बाकी सगळं चावून चावून.

शस्त्रकर्मी

मी पोटाचा सर्जन आहे. पाऊच करतो, रीडू करत नाही, असे रुग्ण पुढे पाठवतो. हे आधी सांगितलं म्हणजे माझं म्हणणं किती मनावर घ्यायचं ते तुम्हाला ठरवता येईल. कागद न बघता सल्ला देत नाही, त्यामुळे पुढचं सर्वसाधारण समजा.

चांगल्या केंद्रांमध्येही दीर्घकाळात शंभरातले पाच ते दहा पाऊच निकामी होतात, काही ठिकाणी याहून जास्त. निकामी म्हणजे तो काढून टाकावा लागणं किंवा तो आत ठेवून मल कायमचा वरूनच बॅगेत वळवावा लागणं. कडूकारले यांनी म्हटलं तसं, कारण काय हा पहिला प्रश्न. ढोबळमानाने तीन गठ्ठे पडतात.

एक, बांधणीतला दोष. पाऊचला पीळ पडलाय, तो फार लहान शिवला गेलाय, खाली मलाशयाचा लांब पट्टा मागे राहिलाय, जोड आकसलाय. इथे आतड्याला आजार नाही, शिवणीला आहे. रीडूचे सर्वात चांगले निकाल या गटात.

दोन, गळती आणि त्यातून जुनाट पू. तुम्ही इथे बसता, आकसलेल्या जोडासकट. रीडू होऊ शकतो, पण पू शांत करून. म्हणजे आधी लूप आयलिओस्टॉमी (आतड्याचं वेटोळं पोटावर आणलेली, पुढे बंद करता येणारी) करून मल वरच्यावर वळवायचा, साधारण सहा महिने थांबायचं, मग बघायचं.

तीन, खुद्द आतड्याचा आजार. पाऊचमध्ये क्रोन्स निघणं, किंवा औषधांना न जुमानणारा पाउचायटिस (पाऊचला येणारी सूज). इथे नवा पाऊच त्याच आतड्याचा होणार, मग तोही सुजणार. रीडूचा आग्रह धरू नये. गुदद्वाराचे स्नायू आधीच ढिले असतील तरीही नाही.

तुमच्याकडे पाऊचची दुर्बीण-तपासणी आणि पाऊचच्या वरच्या आतड्याचीही बायोप्सी, ओटीपोटाचा एमआरआय, डाय घालून काढलेला पाऊचोग्राम, भूल देऊन केलेली खालची तपासणी आणि स्नायूंच्या दाबाची चाचणी, हे सगळं झालंय का? क्रोन्स नाही असं म्हणताना बायोप्सी कुठून घेतली ते विचारा. नुसत्या पाऊचमधली पुरेशी नसते.

आता रीडू म्हणजे नेमकं काय ते. ‘दुरुस्ती’ म्हटलं की चार टाके घातल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात पोट उघडून जुना पाऊच ओटीपोटाच्या तळातून सोडवून वर आणतात, चिकटलेलं, पुवाने खराब झालेलं सगळं खरवडून साफ करतात. जुना पाऊच चांगला असेल तर तोच दुरुस्त करून पुन्हा खाली नेतात, नाहीतर नवा शिवतात. नवा शिवला तर लहान आतड्याचा आणखी काही भाग खर्ची पडतो. जोड बहुतेकदा हाताने घालतात. वर लूप आयलिओस्टॉमी असतेच, ती काही महिन्यांनी बंद. आणि संमतीपत्रावर ‘पाऊच खाली पोहोचला नाही तर कायमची बॅग’ हे वाक्य असतं. भूल चढताना उठल्यावर काय असेल ते नक्की माहीत नसतं. हे ज्याला झेपणार नाही त्याने रीडूला हो म्हणू नये.

आकडा हवाच असेल तर : अमेरिकेतल्या क्लीव्हलंड क्लिनिकने २०१५ मध्ये पाचशेहून अधिक रीडूंचे निकाल प्रसिद्ध केले. साधारण पाचात एकाचा रीडूही अपयशी ठरला आणि त्यात ओटीपोटात पुन्हा पू होणं हा मोठा घटक होता. हे वर्षानुवर्षं हेच काम करणाऱ्या हातांचे निकाल आहेत. वर्षाकाठी एखाददुसरा रीडू करणाऱ्याकडून तीच अपेक्षा धरू नका. दुसऱ्या सरांना थेट विचारा, ‘तुम्ही असे किती केले आणि त्यातले किती आज बॅगेशिवाय आहेत?’ चांगला सर्जन या प्रश्नावर रागावत नाही.

कडूकारले

पाचातला तो एक मी. :)

घाटपायथा

थोडी दुसरी बाजू. माझा रीडू झालाय आणि तो चाललाय. मी पुण्याचा, चाळिशीत.

माझ्या पाऊचला पीळ होता. बाहेर पडायचं ते आत अडकून राहायचं, नळी घालून रिकामा करावा लागे. अनेकांनी पाउचायटिस समजून सिप्रोफ्लॉक्सासिन आणि मेट्रोनिडाझोलवर काढलं. जिभेची चव गेली पण पीळ कसा जाणार? पाऊचोग्राममध्ये दिसला तेव्हा सरांनी फिल्म खिडकीशी धरून बोटाने वळसा दाखवला. मलाही दिसला, इतका ठळक.

आता दिवसाला सहा-सात वेळा, रात्री एखाद वेळी. सिंहगड चढतो. वर पिठलं खात नाही, खाली उतरून खातो. पण ऑपरेशन सोपं नव्हतं. लघवीची नळी बराच काळ राहिली, आणि पुरुषांनी विचारायला लाजू नये असा एक प्रश्न आहे : ओटीपोटात दुसऱ्यांदा काम केलं की लैंगिक क्रियेच्या नसांना धोका असतो. मी ऑपरेशनआधी वीर्य गोठवून ठेवलं होतं. वापरायची वेळ आली नाही. पण कोणी आपणहून सांगितलं नव्हतं, मी वाचून विचारलं.

रातराणी, तुमची केस माझ्यापेक्षा वेगळी आहे. माझ्याकडे पू नव्हता.

रातराणी१२

सगळ्यांचे आभार. शस्त्रकर्मी, तुमचा प्रतिसाद प्रिंट काढून फाइलला लावला. पाऊचोग्राम आणि दाबाची चाचणी झालीय. वरच्या आतड्याची बायोप्सी झाली होती का ते रिपोर्टमध्ये स्पष्ट नाही. पुन्हा दुर्बीण करायचं ठरलंय.

मुलाबद्दल कोणी बोललं नाही. पुरुष मंडळी जास्त आहेत वाटतं.

टेम्सकाठी

अगं, मी बोलते. मी मूळची डोंबिवलीची, आता लंडनला. माझी फाइल सेंट मार्क्स हॉस्पिटलची. १९७८ मध्ये पार्क्स आणि निकोल्स यांनी हा पाऊच मांडला तो इथूनच, त्यामुळे इथले जुने लोक पाऊचविषयी बोलताना जरा घरच्यासारखं बोलतात. जे आकार आला तो पुढे जपानच्या उत्सुनोमियांकडून, १९८० मध्ये. आणि निकामी पाऊचचीही इथे सवय आहे, कोणी दचकत नाही.

तर मूल. ओटीपोटात ऑपरेशन झालं की गर्भनलिकांभोवती चिकटे तयार होतात आणि नैसर्गिकरीत्या दिवस राहण्याची शक्यता कमी होते. पाऊच करतानाच हे एकदा झालेलं आहे. रीडू म्हणजे तिथेच पुन्हा हात. पाऊच काढून टाकणं म्हणजेसुद्धा तिथेच पुन्हा हात. तुझ्या दोन्ही सर्जननी सुचवलेले दोन्ही मार्ग या बाबतीत सारखेच आहेत, हे तुला कोणी सांगितलंय का?

मी तिसरा मार्ग घेतला. पाऊच होता तिथेच राहू दिला, वरून आयलिओस्टॉमी केली. ओटीपोटाला धक्का नाही. तब्येत सुधारली, वजन भरलं, मग मुलाचा विचार केला. नळ्या बंद निघाल्या, आयव्हीएफ करावं लागलं. बीज आणि गर्भाशय ठीक असेल तर चिकट्यांना वळसा घालून जाता येतं, हा त्याचा फायदा. पोट वाढलं तसा स्टोमाही (पोटावर आलेलं आतड्याचं तोंड) पसरला, बेसप्लेटचं (कातडीला चिकटणारी, बॅग धरणारी चकती) भोक सारखं मोठं कापावं लागे, शेवटी शेवटी आरशात बघून चिकटवायची. मुलगी आता शाळेत जाते.

ठेवलेल्या पाऊचचे तोटेही आहेत. आतून चिकट स्राव येत राहतो, कधी रक्ताचा अंश. खाली मलाशयाची जी पट्टी राहते तिची ठरावीक काळाने दुर्बिणीने तपासणी करावी लागते, कारण कोलायटिस असलेल्यांना तिथे पेशी बदलण्याचा धोका संपत नाही. पुढेमागे काढावा लागेल हे मला माहीत आहे. पण तेव्हा मी चाळीस-पंचेचाळिशीची असेन आणि माझं मूल झालेलं असेल.

शस्त्रकर्मी

टेम्सकाठी यांच्या प्रतिसादाला पूर्ण अनुमोदन. फक्त एक पुस्ती : आत पू असलेला पाऊच वळसा दिल्यावरही कधी कधी शांत बसत नाही. ताप, पाठीत दुखणं, स्राव वाढला तर थांबता येत नाही. एमआरआयवर लक्ष ठेवून हा मार्ग चालायचा.

आणि पाऊच काढण्याचं ऑपरेशन ‘सोपं’ समजू नका. खालची जखम भरायला महिने लागू शकतात, काहींना तिथे वाहती खाच राहते. कायमची बॅग निवडली म्हणून पाऊच त्याच दिवशी काढायलाच हवा असं नाही.

मेतकूट

माझ्या भावाला पाउचायटिस सारखा होतो. दोन आठवडे गोळ्या, बरं, गोळ्या थांबल्या की पुन्हा. एका डॉक्टरांनी कायमची बॅग सुचवली. इतक्या लवकर?

शस्त्रकर्मी

पाऊच असलेल्या निम्म्याअधिक लोकांना कधी ना कधी एकदा तरी पाउचायटिस होतो. त्यावरून बॅग ठरवत नाहीत. अँटिबायोटिकवर अवलंबून राहायची वेळ आली तर पुढची औषधं आहेत. वेडोलिझुमॅबला युरोपात २०२२ मध्ये खास जुनाट पाउचायटिससाठी मान्यता मिळाली. महाग आहे. पण आधी मलाशयाच्या पट्टीची सूज, संसर्ग, पीळ आणि क्रोन्स ही चार नावं वगळली आहेत का ते बघा. वरती घाटपायथा यांनी लिहिलंय ते भावाला वाचायला द्या.

वऱ्हाडीतडका

चंद्रपूरवरून बोलतो. माह्या बायकोले आयलिओस्टॉमी होऊन लय वर्षं झाली. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाते, त्यावर कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो.

बॅगेपेक्षा पाणी सांभाळा बाप्पा. मोठं आतडं नसलं की मीठ-पाणी राखणारं कोणी राहत नाही. दिवसाला अर्धा ते एक लिटर बाहेर येणं ठीक. दीड-दोन लिटरवर गेलं की किडनीवर येते. अन् नुसतं साधं पाणी ढोसलं तर उलट जास्त बाहेर येते, हे आम्हाले पहिल्या उन्हाळ्यात दवाखान्यातच समजलं. ओआरएस घ्या. जेवणाच्या अर्धा तास आधी लोपेरामाइड, पण डॉक्टरले विचारून. भात, केळ, उकडलेला बटाटा यानं घट्ट होते.

घामानं प्लेट सुटते. कूलरसमोर बसून अंग कोरडं करूनच चिकटवायची. अन् बॅगांचा डबा गाडीत ठेवायचा नाही, गोंद वितळते.

टेम्सकाठी

वऱ्हाडीतडका, सलाम. आमच्याकडे उन्हाळा म्हणजे विनोद आहे, तरी जास्त वाहायला लागलं की मिश्रण देतात ते लिहून ठेवते : एक लिटर पाण्यात २० ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ, अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा. थंड करून थोडं थोडं प्यायचं. चव समुद्रासारखी.

कडूकारले

रातराणीताई, जे काही ठराल ते ठरा, पण ऑपरेशनच्या आधी स्टोमा नर्सकडून जागा आखून घ्या. आडवं झोपवून आखली तर उपयोग नाही. उभं राहून, खुर्चीत बसून, वाकून, आणि आपल्याकडे मांडी घालून बसूनही बघायला सांगा. मांडी घातली की पोटाला जी घडी पडते तिच्यात स्टोमा गेला तर प्लेट टिकत नाही. सलवारची नाडी कुठे येते, साडीच्या निऱ्या कुठे खोचता, ते नेसून जाऊन दाखवा. माझ्या पहिल्या स्टोमाच्या वेळी धोतर-पँटचा कोणी विचार केला नाही. दुसऱ्या वेळी मीच पट्टा घालून गेलो.

मुंबईत परळला टाटा मेमोरियलमध्ये स्टोमा क्लिनिक आहे. ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडियाही मुंबईत आहे, तिथे स्वतः बॅग लावणारी माणसं भेटतात. डॉक्टर दहा वेळा समजावतील, पण बॅग लावलेली बाई समोर येऊन चहा पिते तेव्हा जे समजतं ते वेगळं.

रातराणी१२

*(बऱ्याच महिन्यांनी)*

धागा वर आणतेय.

वरच्या आतड्याची बायोप्सी झाली, क्रोन्स नाही. मग तिसरा सल्ला घेतला, खास रीडू करणाऱ्यांकडे. त्यांना शस्त्रकर्मींचा प्रश्न जसाच्या तसा विचारला. ते हसले आणि आकडा सांगितला, त्यात अपयशाचाही होता. म्हणाले, ‘आज रीडू की कायमची हे ठरवूच नको. लूप करू, सहा महिने पू शांत होऊ दे, तू खाऊन-पिऊन जाडी हो, मग समोर बस.’ दुर्बिणीने लूप आयलिओस्टॉमी झाली. नाडी, निऱ्या, मांडी सगळं करून जागा आखून घेतली. नर्सबाई म्हणाल्या, नऊवारी नेसून कोणी आलं नव्हतं. (मी मुद्दाम आईची नेसून गेले होते, गौरीला नेसते म्हणून.)

पहिले काही आठवडे वाईट होते. लूपचा स्टोमा मोठा, ओबडधोबड, खालच्या बाजूने गळती, कातडी लाल. रडले. आता हात बसलाय. सकाळी उठल्या उठल्या, पोटात काही जायच्या आत बदलते, तेव्हा स्टोमा शांत असतो. कार्डाच्या भोकांतून माप घ्यायचं, प्लेटचं भोक त्याहून दोन-तीन मिलिमीटर मोठं कापायचं, कडेची धार बोटाने गोल करून मऊ करायची, प्लेट थोडा वेळ काखेत धरून गरम करायची, मग चिकटवून वर तळहात ठेवून बसायचं. नवरा तेवढ्यात कुकर लावतो.

रात्रभर झोपते. हे वाक्य लिहायला मी किती वर्षं थांबले होते ते इथल्या पाऊचवाल्यांना कळेल. दादरला चहा पिऊन जाते. वजन वाढलंय. पोकळी एमआरआयवर निम्म्याने कमी झालीय.

आता निर्णय. मी रीडू करत नाहीये. घाटपायथा, तुमचं वाचून मोह झाला होता. पण माझ्याकडे पू आहे आणि ओटीपोट पुन्हा उकरायचं तर ते मुलाच्या आधी नको. मुलाच्या नंतर मला रीडू हवासा वाटेल का, याचं उत्तर आज ‘नाही’ असं आहे. रीडू उत्तम झाला तरी दिवसाला सहा-सात वेळा. मला आता दिवसातून पाच-सहा वेळा बॅग रिकामी करावी लागते, पण ती कधी करायची ते मी ठरवते. तिथे ते पाऊच ठरवत होता. पाऊच सध्या आत राहील, वर्षाला दुर्बीण. पुढे काढायचा तेव्हा काढू.

सासूबाई पहिल्यांदा बॅग बघून गप्प होत्या. मग म्हणाल्या, ‘वास येत नाही की गं.’ विषय संपला.

घाटपायथा

अभिनंदन! निर्णय पटला. तरी एक नोंदवून ठेवतो, पुढे वाचणाऱ्यांसाठी : ज्यांचा पाऊच केवळ बांधणीत बिघडलाय त्यांनी हे वाचून रीडूची शक्यता लगेच खोडू नये. मला बॅगेसोबतचे तात्पुरते महिने अजिबात मानवले नव्हते. कातडीला प्लेटच्या गोंदाची अॅलर्जी निघाली, सगळ्या कंपन्या करून झाल्या. माझ्यासाठी पाऊचच बरा.

कडूकारले

ताई, लूपवरून कायमच्या बॅगेची परीक्षा करू नका, ती याहून सोपी असते. पुढे जेव्हा एंड आयलिओस्टॉमी (वेटोळ्याऐवजी आतड्याचं टोक बाहेर आणलेली) करतील तेव्हा स्टोमा लहान, गोल आणि चोचीसारखा बाहेर आलेला असतो. ब्रूक नावाच्या सर्जनने १९५२ मध्ये आतडं उलटवून ती चोच काढायची पद्धत आणली. त्याआधी लोकांची कातडी अक्षरशः जळायची. तुमची निम्मी गळती तिथेच थांबेल.

घाटपायथाशी सहमत. गोंद सोसत नसेल तर सगळं गणित फिरतं.

टेम्सकाठी

गौरीला नऊवारी नेसून फोटो टाक. आयव्हीएफबद्दल विचारायचं असेल तर माझ्या विपुत (विचारपूस) लिही.

मेतकूट

भावाच्या मलाशयाच्या पट्टीलाच सूज निघाली, पाऊच चांगला आहे. सपोझिटरीवर बराच फरक. शस्त्रकर्मी, आभार.

रातराणी१२

कडूकारले काका, हे कोणी सांगितलं नव्हतं, बरं वाटलं. मेतकूट, मस्तच!

एक व्यावहारिक प्रश्न. लोकलच्या पासात सवलत मिळते असं असोसिएशनमधल्या एक काकू म्हणाल्या. खरंय का? की फक्त कॅन्सरच्या रुग्णांना?

कडूकारले

खरंय. रेल्वेच्या सवलतीच्या यादीत ऑस्टॉमीचे रुग्ण वेगळे दिलेत, कॅन्सर असायची गरज नाही. मासिक आणि त्रैमासिक पासावर ५० टक्के, फर्स्ट आणि सेकंड दोन्ही. रेल्वेचा ठरलेला नमुना आहे, त्यावर डॉक्टरांची सही आणि हॉस्पिटलचा शिक्का लागतो. साध्या लेटरहेडवर लिहून नेलं तर खिडकीवरून परत पाठवतात. नमुना असोसिएशनमध्ये मिळेल. दोन-तीन झेरॉक्स काढून ठेवा.